पंप दिलात, आता पाना-पक्कडही द्या

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव,
ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : सौर कृषी पंपांची दुरुस्ती गावात होऊ देण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना आपल्या मनात शंका राहणार नाही. वैजापूर तालुक्यात रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या गाळ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आयटीआयला वायरमन ट्रेड करून या धंद्यात पडलो, त्याला सव्वीस वर्षं झाली. जळालेली मोटार खोलायची, जुनी कॉइल तोडून काढायची, स्लॉट साफ करायचे, नवी तार भरायची, बुश-बेअरिंग बघायचं, हौदात सोडून टेस्ट घ्यायची आणि शेतकऱ्याच्या हवाली करायची, हे माझं काम. आपल्या सौर धोरणानं हे काम हळूहळू संपत चाललंय. तरीही हे पत्र त्या धोरणाविरुद्ध नाही.

माझं दुकान चांगल्या विजेवर कधीच चाललं नाही. ते खराब विजेवर उभं राहिलं. फीडरच्या, म्हणजे सबस्टेशनहून शिवारात येणाऱ्या विजेच्या लाइनीच्या, शेवटच्या टोकाला जिथं ४१५ व्होल्ट यायला हवेत, तिथं तीनशे-सव्वातीनशे येतात. मोटारीला तेवढंच पाणी उपसायचं असतं, म्हणून ती जास्त अँपिअर ओढते आणि आतली तार तापत जाते. कधी एक फेज जातो, मोटार नुसती घूं करत बसते आणि शेतकरी बांधावरून धावत येईपर्यंत पीव्हीसीचा वास सुटलेला असतो. त्यात ऑटो स्विच. मंत्रालयात बसणाऱ्यांना ऑटो कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारी ही एक डबी. एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वीस-पंचवीस मोटारी असल्या आणि सगळ्यांना ऑटो लावलेला असला, की वीज येताच सगळ्या एका क्षणी उठतात. डीपी तो झटका किती दिवस सोसणार? मग डीपी जळते, गाव वर्गणी काढतं, ट्रॅक्टर घेऊन कुणीतरी नवीन आणायला जातं आणि तोवर कांद्याचं रोप पिवळं पडतं. महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं की ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. कुणी काढला नाही. कारण ऑटो काढायचा म्हणजे रात्री दीडला उठून विहिरीवर जायचं.

चक्राकार पद्धतीनं थ्री फेज वीज आठ-दहा तास मिळायची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, गेलेल्या माणसाच्या एका हातात बॅटरी आणि दुसऱ्यात फावडं. पायाखाली काय आहे ते दिसत नाही. मक्यात डुक्कर, कपाशीत साप आणि अलीकडच्या वर्षांत बिबट्या. रात्रपाळीचा आठवडा संपला की सोमवारी माझ्या दुकानापुढे मोटारींची रांग लागायची. दिवसाला तीन-चार मोटारी हा तेव्हा रब्बीचा सरासरी हिशेब होता. आता आठवड्याला तेवढ्या आल्या तरी बरं म्हणतो.

‘दिवसा वीज द्या’ ही आमच्या भागातली जुनी मागणी. कुणी पर्यावरणासाठी ती केली नव्हती. सूर्य दिवसाच असतो, म्हणून ती मागणी आणि सरकारचं सौर धोरण एका रेषेत आले, एवढंच. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधलं कोळंबी इथं पहिले प्रयोग झाले. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. कृषी फीडरच्या सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज त्याच फीडरवर सोडायची, असा तिचा साधा हिशेब. जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दर वर्षी त्यात तीन टक्के वाढ. या दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प आमच्याच तालुक्यात झाला, २०२४ च्या सप्टेंबरात, धोंदलगावला, ३ मेगावॉटचा. तो सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम मोटारसायकलवर जाऊन बघून आलो. प्लेटांच्या ओळीच ओळी, तारेचं कुंपण आणि कुंपणाबाहेर शेळ्या चारणारी एक म्हातारी. तिला विचारलं, कसं काय? म्हणाली, “पोरगं आता रातच्याला घरी झोपतं.” आपल्या सगळ्या जाहिरातींपेक्षा हे एक वाक्य भारी आहे, असं माझं मत. हवं तर फुकट वापरा.

त्याच्या जोडीला शेतातला स्वतंत्र सौर पंप. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. तिचा ‘ब’ घटक आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांतून शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के, बाकीचं सरकार देणार. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढं साडेसात. आज कुणी कृषी जोडणीचं नाव काढलं की सौर पंपच पुढे केला जातो. आणि पंप बसतायत, त्याबद्दल दुमत नाही. एका महिन्यात ४५,९११ पंप बसवून महाराष्ट्रानं गिनीज बुकात नाव लावलं, २०२५ च्या डिसेंबरात आमच्याच जिल्ह्यात त्याचा कार्यक्रम झाला. त्या आकड्यातले काही पंप माझ्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

त्यांतलाच नव्हे, त्याआधी बसलेला एक पंप. नाव-गाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. पाच एचपीचा, माझ्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याचा. गेल्या जानेवारीत बंद पडला. कांदा लागण होऊन बारा-तेरा दिवस झालेले. कंट्रोलरवर, म्हणजे प्लेटांची वीज मोटारीला देणाऱ्या खोक्यावर, लाल दिवा आणि एक आकडी कोड. टोल फ्री नंबरवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. चौथ्या दिवशी मेसेज आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कुणी आलं नव्हतं. पुन्हा फोन, नवा क्रमांक. त्या शेतकऱ्यानं शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाइप टाकून कसंबसं पाणी दिलं. एकोणिसाव्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक पोरगा आला. तीन जिल्ह्यांत तो एकटाच होता, असं त्यानंच सांगितलं. त्यानं प्लेटांच्या मागे जाऊन एक कनेक्टर बदलला. एमसी-फोर म्हणतात त्याला, अंगठ्याएवढा प्लास्टिकचा जोड. आत पाणी शिरून तो करपला होता. दहा मिनिटांचं काम.

हा कनेक्टर माझ्या फळीवर तेव्हाही होता. बंद पडला त्याच दिवशी तो शेतकरी माझ्याकडे आला होता. मी हात लावला नाही, कारण बिघाड कुठं आहे ते शोधायचं तर कंट्रोलरही उघडावा लागला असता आणि त्यावर सील आहे, सील तुटलं की वॉरंटी गेली आणि वॉरंटी गेली की पाच वर्षांची मोफत देखभाल गेली. त्याला मी म्हणालो, बाबा, कंपनीलाच फोन कर. सव्वीस वर्षांत दुकानातून गिऱ्हाईक असं परत पाठवायची माझी ती पहिली वेळ नव्हती, पण असं कधी लागलं नव्हतं.

सौर पंपाची मोटार सहसा जळत नाही, हे मी माझ्या पोटावर पाय येत असताना कबूल करतो. व्होल्टेज खाली-वर होत नाही, सिंगल फेजिंगचा प्रश्न नाही. ऊन कमी झालं की मोटार हळू फिरते, ऊन चढलं की जोरात. बिघडतं ते बाकीचं. कनेक्टर करपतात, उंदीर केबल कुरतडतात, वीज कडाडली की तिचा झटका अंगावर घेणारा सर्ज प्रोटेक्टर उडतो, कंट्रोलरमधला पंखा धुळीनं जाम होतो आणि मग आतलं कार्ड, म्हणजे सर्किटची पट्टी, जातं. वादळात स्ट्रक्चरचे नट ढिले होतात. यातलं निम्म्याहून जास्त काम कुठलाही बरा वायरमन करू शकतो. कार्डाचं काम मोबाइल दुरुस्त करणारी पोरं शिकू शकतात, आमच्या तालुक्याच्या गावात अशी पोरं गल्लोगल्ली आहेत. पण कंट्रोलरचा सर्किट डायग्राम कुणाकडे नाही. एरर कोडचा अर्थ लिहिलेला कागद नाही. एका कंपनीचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या खोक्यात बसत नाही. सुटा भाग बाजारात मागितला तर दुकानदार म्हणतो, पूर्ण कंट्रोलर घ्या.

आणि ही पाच वर्षं संपल्यावर काय? प्लेटांची हमी पंचवीस वर्षांची असते. देखभालीचा करार पाच वर्षांचा. मधल्या वीस वर्षांत तो पंप कुणाचा? निविदेत आलेल्या कंपन्यांपैकी किती तेव्हा धंद्यात असतील, हे आपण छातीवर हात ठेवून सांगू शकाल का? आमच्या शिवारात पवनचक्क्या नाहीत, पण साताऱ्याकडे चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून उभ्या आहेत. तिथल्या जुन्या लहान चक्क्यांचं पुढे करायचं काय, यासाठी केंद्राला २०२३ मध्ये वेगळं धोरण काढावं लागलं. पवनचक्की तरी कंपनीची असते. आमचा पंप तीन-चार एकरवाल्याचा आहे.

धोरण कुणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं जातं ते त्यातल्या पैशाच्या वाटेवरून कळतं. २०१० च्या सुमारास केंद्रीय नियामक आयोगानं सौर विजेला ठरवलेला दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे होता. २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला. जगात प्लेटा इतक्या स्वस्त झाल्या की इथले कारखाने टिकावेत म्हणून एप्रिल २०२२ पासून परदेशी प्लेटांवर ४० टक्के आणि सेलवर, म्हणजे ज्या तुकड्यांची प्लेट बनते त्यांवर, २५ टक्के सीमाशुल्क लावलं गेलं. कारखान्यांना उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन म्हणून दोन टप्प्यांत मिळून २४ हजार कोटी ठेवले गेले. कुठल्या कंपनीची प्लेट चालेल याची मंजूर यादी आहे, १ जून २०२६ पासून सेलचीही यादी लागू होते. अनुदानाच्या पंपाला देशी सेलचीच प्लेट लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. २०२५ च्या मध्यापर्यंत देशाच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-कोळशाचा, बिगर-तेलाचा झाला, ठरवलेल्या २०३० च्या पाच वर्षं आधी.

हे सगळं मला चूक वाटत नाही. आपल्या देशात प्लेटा बनाव्यात, दर पडावेत, माल स्वस्त व्हावा, कुणाला नको आहे? पण या लांबलचक साखळीत बनवणारा आहे, आयात अडवणारा आहे, निविदा भरणारा आहे, बसवणारा आहे, फोटो काढणारा आहे. दुरुस्त करणारा कुठं आहे? त्याच्यासाठी कोटी तर सोडाच, एक परिपत्रक असेल तर मला दाखवा, मी फ्रेम करून दुकानात लावतो.

‘सूर्यमित्र’ आहे, असं कुणी म्हणेल. आहे. २०१५ पासून केंद्राचा तो प्रशिक्षणाचा कार्यक्रम चालतो, तीन महिन्यांचा. चांगला आहे. पण माझ्या ओळखीतली दोन पोरं तो करून आली आणि सध्या बसवणाऱ्या ठेकेदाराकडे स्ट्रक्चरचे खड्डे खोदायला जातात. प्रमाणपत्र हातात असूनही सील तोडायचा अधिकार त्यांनाही नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल काढलं. वस्तू विकत घेणाऱ्याला ती कुठंही दुरुस्त करून घेता यावी, कंपनीनं मॅन्युअल आणि सुटे भाग उघड करावेत, असा त्यामागचा विचार. त्यासाठी चार क्षेत्रं निवडली, त्यांत शेतीची अवजारं आहेत. ट्रॅक्टर त्यात येतो. मग सौर पंप हे शेतीचं अवजार नाही तर काय, देव्हाऱ्यातली मूर्ती आहे?

माझी पहिली मागणी एवढीच आहे की पुढच्या निविदेत एक कलम टाका. ज्या कंपनीला पंप पुरवायचे आहेत तिनं कंट्रोलरचा सर्किट डायग्राम, एरर कोडची मराठी यादी आणि नेहमी लागणाऱ्या दहा-बारा सुट्या भागांचे दर जाहीर करायचे. ते भाग तालुक्याच्या गावी किमान एका दुकानात ठेवायचे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये आठ-दहा दिवसांचा वर्ग घ्यायचा आणि तो पास होईल त्या कारागिराला वरवरची कामं, म्हणजे कनेक्टर, केबल, फ्यूज, सर्ज प्रोटेक्टर, पंखा, वॉरंटी न घालवता करायचा अधिकार द्यायचा. त्याची मजुरी देखभाल करारातूनच कंपनीनं द्यायची. तीन जिल्ह्यांत एक पोरगा फिरवण्यापेक्षा कंपनीला ते स्वस्तच पडेल, मी हिशेब करून देतो.

प्रशिक्षणाचा आग्रह मी उगाच धरत नाही. डीसी विजेला, म्हणजे प्लेटेतून येणाऱ्या एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेला, मी घाबरतो आणि सगळ्यांनी घाबरावं असं मला वाटतं. एसीचा, म्हणजे लाइनच्या विजेचा, झटका आम्हाला पाठ आहे, धंद्यात तो खाल्ला नाही असा वायरमन दाखवा. डीसीची जात वेगळी. प्लेटा एकापुढे एक जोडलेल्या, भर उन्हात व्होल्टेज काही शेकड्यांत. बंद करायला प्लेटेला बटण नसतं, ऊन आहे तोवर ती चालूच. सुरुवातीच्या दिवसांत एका मित्राच्या घराच्या छतावरचा जोड मी लोड असतानाच ओढला. एसीत ठिणगी उडते आणि विझते. डीसीत ती विझत नाही, जोड जितका लांब ओढाल तितकी लांबते. उजव्या हाताची दोन बोटं भाजली, नख आजही वेडंवाकडं येतं. चूक पूर्णपणे माझी होती. मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. गावातली पोरं आज हेच करतायत, वॉरंटी संपलेल्या पंपांवर, चोरून. आपण शिकवलं नाही तर ती शिकणार नाहीत असं नाही, ती बोटं भाजून शिकतील.

दुसरी मागणी आकड्यांची. प्रत्येक सौर पंपाच्या कंट्रोलरला सिमकार्ड असलेलं एक यंत्र जोडलेलं असतं. पंप आज किती तास चालला, किती पाणी उपसलं, याची नोंद ते सर्व्हरला पाठवतं. म्हणजे कुठला पंप किती दिवस मुका आहे हे शेतकऱ्यानं फोन करायच्या आधीच कुठल्यातरी संगणकाला कळलेलं असतं. ते जाहीर करा. दर महिन्याला, तालुकावार, कंपनीवार: किती पंप सात दिवसांहून जास्त बंद होते, तक्रार आल्यापासून चालू व्हायला सरासरी किती दिवस लागले. आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता पंप किती दिवस चालला त्यावर द्या. एका महिन्यात किती बसले याचा विक्रम झाला, आनंद आहे. एका महिन्यात किती चालू होते, याचीही नोंद गिनीजवाले घेतात का, विचारून बघायला हरकत नाही.

सिमकार्डाचं रिचार्ज संपलं म्हणून यंत्र मुकं झालं, असं उत्तर येईल. मग तीही एक तक्रारच समजा.

आता जरा वेगळं, पण याच धाग्यातलं. आमच्याकडे खरिपात पाऊस चांगला झाला तर मोटारीला हात लागत नाही. रब्बी, थोडं उन्हाळी, बास. वर्षातले सहा-सात महिने प्लेटा नुसत्या आभाळाकडे बघत उभ्या असतात. पाच एचपीच्या पंपाला साधारण ४८०० वॉटच्या प्लेटा असतात. चांगल्या उन्हाच्या दिवशी किलोवॉटला चार युनिट धरले तर रोजचे एकोणीस युनिट. दोनशे दिवस वाया गेले तर तीन हजार आठशे युनिट. माझ्या घराचं बिल महिन्याला ऐंशी युनिटचं येतं. म्हणजे एका बंद पंपावर माझ्यासारखी चार घरं वर्षभर चालतील. सौर वाहिनी योजनेत आपण सौर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास विकत घेता. त्या भावानं त्या शेतकऱ्याचे वर्षाला अकरा हजार रुपये उन्हात वाळतायत.

यावर इलाज नवा नाही. कुसुमच्या नियमांत युनिव्हर्सल कंट्रोलरची तरतूद आहे: पाणी नको असेल तेव्हा त्याच प्लेटांवर कडबा कुट्टी चालवा, पिठाची गिरणी चालवा, बॅटरी चार्ज करा. आमच्या शिवारात तो मी एकदाही पाहिला नाही. लोक जुगाड करतात आणि वॉरंटी घालवून बसतात. त्यापुढचा मार्ग गुजरातनं दाखवला. खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात मूठभर शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी संस्था काढली आणि उरलेली वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली, २०१६ मध्ये. ऊन हे एक पीकच आहे असं मानून. सहकाराची भाषा आम्हाला शिकवायची गरज आहे का? साखर, दूध, पतपेढी, सगळं करून झालंय आपलं.

यात पाण्याचीही गोष्ट आहे आणि ती कुणाला बोलायला आवडत नाही, शेतकऱ्यालाही नाही. विजेला बिल होतं, वेळ ठरलेली होती, तेव्हा उपसाही आपोआप आटोक्यात असायचा. उन्हाला ना बिल ना भारनियमन. सकाळी नऊला पंप सुरू केला की विहिरीचा तळ दिसेपर्यंत चालू. आमच्याकडे बोअर खोल खोल चाललेत. कायद्यात खोलीची मर्यादा आहे, रिगवाल्याला ती कुणी सांगत नाही. उरलेली वीज विकून चार पैसे मिळणार असतील तर माणूस पंप बंद करायला शिकेल. भाषणानं नाही शिकत, आम्ही पोस्टर बरेच पाहिलेत.

खरं विचाराल तर जिथं लाइन आधीच गेलेली आहे तिथं फीडर सौर करणं मला जास्त पटतं. शेताला नको असलेली वीज गावाला, कारखान्याला जाते, वाया जात नाही. बिघाड झाला तर एका जागी होतो आणि तिथं माणूस असतो. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल २०२४ च्या एप्रिलपासून पाच वर्षांसाठी सरकारच भरतंय, ४४ लाख शेतकऱ्यांचं. तो बोजाही स्वस्त सौर विजेनं हलका होईल. शेतातला स्वतंत्र पंप जिथं खांब पोचायला वर्षं लागतील तिथं द्या, डोंगरकुशीत, वस्तीवर. पण आपण दोन्ही योजना सगळीकडे एकदम राबवताय. एकाच बांधावर अलीकडे सौर पंप, पलीकडे सौर फीडर, आणि अलीकडचा पलीकडच्याकडे बघून हळहळतोय, अशी उदाहरणं आहेत. हे धोरण ठरवणाऱ्यांनी बघावं, माझी अक्कल मोटारीपुरती.

मोटारीपुरत्या अकलेतलं आणखी एक. अर्जात हेड, म्हणजे पंपानं पाणी किती उंच उचलायचं ते, निवडायचा असतो, ३०, ५०, ७० मीटर. शेतकऱ्याला फुटाची सवय. ७० मीटर म्हणजे जेमतेम दोनशे तीस फूट. इथं बोअर तीनशे-चारशे फुटांचे आहेत, मोटार सोडायची ती तळाजवळ. भरायला बसलेला सेतू केंद्रातला पोरगा विचारतो, कुठला टाकू? शेतकरी म्हणतो, टाक मोठ्यात मोठा. पंप बसतो, पाणी धारेनं येतं, करंगळीएवढ्या. यात पंपाचा दोष नाही. बसवण्याआधी बोअरमध्ये दोरी सोडून पाण्याची पातळी मोजायला कुणी गेलं नाही, एवढाच दोष आहे. दोरीला अनुदान लागत नाही.

आणि फुटलेल्या प्लेटा. गारपीट झाली की काच तडकते, विमा असला तर नवी प्लेट येते, जुनी बांधाला टेकून उभी राहते. पोरं खेळतात, गुरं शिंग मारतात. केंद्राच्या ई-कचरा नियमांत सौर प्लेटा आल्या आहेत, २०२३ च्या एप्रिलपासून. बनवणाऱ्यानं हा कचरा सांभाळून ठेवायचा, असा नियम आहे. आमच्या तालुक्यात तो कुठं नेऊन द्यायचा? माझ्या दुकानामागे आजघडीला अकरा तडकलेल्या प्लेटा आहेत, लोक आणून टाकतात, मी नाही म्हणत नाही. पत्ता कळवलात तर टेम्पोचं भाडं मी देईन.

मी पत्राच्या सुरुवातीला स्वार्थ सांगितला, तो आता नीट मांडतो. दुकानात माझ्यासोबत दोघं काम करायचे. एक गेल्या वर्षी वाळूजच्या कंपनीत लागला. दुसऱ्याला मी थांबवून ठेवलंय, काय म्हणून ते मलाच माहीत नाही. राज्यात कोळशाची जुनी वीजकेंद्रं जेव्हा कधी बंद होतील तेव्हा तिथल्या कामगारांचं काय, यावर परिसंवाद होतात असं वाचतो. व्हायलाच हवेत. तालुक्या-तालुक्याला रिवाइंडिंगची दहा-पंधरा दुकानं आहेत, त्यांचा परिसंवाद कुणी घेत नाही, आणि आम्हालाही तो नको. आमच्या हातात मोटारीची नाडी आहे, गाव आमच्या ओळखीचं आहे, रात्री फोन आला तर आम्ही उचलतो. नवी विद्या शिकायची तयारी आहे. फक्त खोकं उघडायची परवानगी हवी.

आपल्यापैकी कुणाला हे समक्ष बघायचं असेल तर कांदा लागणीच्या दिवसांत या, डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत. वैजापूरहून निघाल्यावर कुणालाही रिवाइंडिंगवाला विचारा, आता आम्ही थोडेच उरलोय, चटकन सापडेन. येताना सोबत गाड्यांचा ताफा नको, रस्ता अरुंद आहे. एखादा बंद पडलेला कंट्रोलर मात्र घेऊन या, सरकारी सील असलेला. सील आपण स्वतःच्या हातानं तोडा, पुढचं मी आणि माझा तो थांबवून ठेवलेला पोरगा बघतो.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंग कारागीर
ता. वैजापूर, जि. छत्रपती संभाजीनगर